शाळेतील पेल्याची कुळकथा

जून महिन्यात शाळा उघडतात, त्याबरोबर उपाहारगृहांच्या ठेक्यांचेही नूतनीकरण होते; आणि नेमक्या याच सुमारास जळगाव जिल्ह्यातील एका शिक्षिकाबाईंनी असे विचारले आहे की, आमच्या कॅन्टीनने प्लास्टिकचे पेले, ताटल्या व चमचे बंद करून कागदी पेले आणले, तेव्हा हे प्रकरण आता निकालात निघाले असे समजावे काय? कायद्यापुरते म्हणाल तर अर्धेच निघाले. राज्य शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी तिची अंमलबजावणी सुरू झाली; पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, नळ्या आदी जिन्नस देशभर मना केले. सबब प्लास्टिकच्या पेल्यांपायी दंडाच्या पावतीची धास्ती बाईंच्या ठेकेदाराला राहिलेली नाही; परंतु जुलै २०२२ मध्येच राज्य शासनाने प्लास्टिकचे अस्तर असलेल्या कागदी पेल्यांनाही मनाई केली, तेव्हा ती पावती अजून संभवते. विज्ञानाच्या दप्तरी तर हे प्रकरण अद्याप खुलेच आहे, आणि ते समजून घेण्यास शंभरएक वर्षे मागे जाणे भाग आहे.

कारण वापरून फेकण्याचा कागदी पेला जगात रूढ झाला तोच मुळी शाळेचे नाव पुढे करून! विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शाळांत, रेल्वेगाड्यांत व सार्वजनिक पाणवठ्यांवर पाण्याच्या पिंपाशी एकच सामाईक पेला ठेवलेला असे, आणि निरोगी-रोगी, लहान-थोर असा कोणताही भेद न करता सर्वजण त्यालाच ओठ लावीत. १९०७ च्या सुमारास बोस्टनच्या लॉरेन्स ल्यूएलेन या गृहस्थांनी कागदी पेल्याची युक्ती काढली खरी, परंतु लोकांच्या मनात त्या पेल्याची गरज उत्पन्न केली ती पेनसिल्व्हेनियातील लाफायेत कॉलेजात जीवशास्त्र शिकविणाऱ्या अॅल्विन डेव्हिसन या प्राध्यापकांनी. त्यांनी शाळांतील पेले सूक्ष्मदर्शकाखाली धरले, त्यांच्या काठांवर साचलेल्या मृत पेशी व जंतू पाहिले, आणि १९०८ साली ‘शाळेच्या पेल्यांतील मृत्यू’ अशा अर्थाच्या, कोणत्याही पालकाची झोप उडवील अशा मथळ्याचा लेख प्रसिद्ध केला. लगेच १९०९ मध्ये कॅन्सस राज्याचे आरोग्याधिकारी सॅम्युएल क्रम्बाइन यांनी, क्षयरोग्यांनी तोंड लावलेला पेला रेल्वेत लहान मुलांच्या हाती जाताना पाहून, सामाईक पेल्यावर बंदी आणविली. (माशा मारण्याच्या जाळीदार थापटणीचा प्रसारही याच क्रम्बाइनसाहेबांनी केला, असा सर्वांगांनी उपयुक्त आरोग्याधिकारी प्रत्येक जिल्ह्यास लाभावा.) कागदी पेल्याचे ‘डिक्सी’ हे व्यापारी नाव पुढे घरोघर झाले, डेव्हिसन मात्र विस्मृतीत गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मूळ तक्रारीचा तपशीलही गेला. तक्रार अशी होती की, हा पेला सर्वांचा आहे आणि तो कोणी धूत नाही. तिच्यावर दोन उपाय संभवत होते, धुणे किंवा फेकणे. व्यापारास दुसरा सोयीचा वाटला, आणि आपणही तोच, पुढे, विचार न करता उचलला.

वास्तविक आपल्याकडे तिसरा उपाय पूर्वापार होता: भांड्याला ओठ न लावता वरून पाणी पिणे. आरोग्याच्या दृष्टीने तो वाखाणण्याजोगाच आहे. तथापि शाळेतील पाण्याविषयी लिहिताना हेही विसरून चालणार नाही की, शिपायाने वरून ओतल्याखेरीज लहानग्या भीमराव आंबेडकरांना शाळेत पाणी मिळत नसे, आणि ज्या दिवशी शिपाई नसे त्या दिवशी पाणीही नसे. म्हणून सर्वांनी वापरलेले, एकाच टाकीवर धुतलेले व एकाच फळीवर पालथे घातलेले स्टीलचे पेले मला केवळ कचरा टाळण्याचे साधन वाटत नाहीत.

आता कागदी पेल्याकडे वळू. कागद ओला झाला की त्याचा लगदा होऊ लागतो, हे ज्यास ठाऊक आहे त्याला चहा धरून ठेवणारा कागद संशयास्पद वाटलाच पाहिजे. त्याच्या आतून पॉलिथिनचे पातळ अस्तर असते, आणि त्या अस्तरामुळेच तो रद्दीत चालत नाही. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी असे दाखविले की, १०० मिलिलिटर ऊन द्रव अशा पेल्यात पंधरा मिनिटे राहिल्यास त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात. या कणांनी शरीरास नेमका किती अपाय होतो याचा निकाल अद्याप लागलेला नाही, तेव्हा त्या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ‘कागदी’ या बिरुदास भुलण्याचेही नाही. मक्याच्या पिष्टापासून केलेल्या, मातीत विरून जाणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पेल्यांची गोष्ट याहून गमतीची आहे: ते विरण्यास सुमारे ५८ अंश उष्णता व भरपूर ओल कित्येक आठवडे अखंड लागते, आणि भुसावळचा वैशाख कितीही प्रखर असला तरी ही तजवीज त्याच्याच्याने होत नाही. सातपुड्यातील पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ मात्र निःसंशय उत्तम. फक्त यंत्रावर दाबलेल्या पत्रावळीच्या पाठीशी प्लास्टिकचा पापुद्रा चिकटविलेला नाही, एवढे उलटून पाहावे.

राहता राहिले धुणे. खानदेशात पाण्याची चणचण आहे, हा आक्षेप रास्त आहे. कागदाच्या लगद्यालाही पाणी लागते, पण ते आपल्या नळाचे नसल्यामुळे आपल्या हिशेबात येत नाही. तरीही दोन-तीन घंगाळांत क्रमाने विसळल्यास वाहत्या नळाच्या मानाने फारच थोडे पाणी पुरते. शेवटच्या घंगाळातले पाणी ७७ अंशांच्या वर तापवून त्यात भांडी अर्धा मिनिट बुडविली की डेव्हिसन यांच्या जंतूंचा बंदोबस्त होतो, आणि नंतर ती कोरडी करण्याचे काम जळगावचे ऊन कोणताही मोबदला न मागता करते. जिल्हा परिषदेच्या शाळांत खिचडी खाऊन मुले आपापली ताटली धुतात. जे तेथे नित्य घडते ते शहरातील फी भरणाऱ्या शाळांना अवघड का वाटावे, हा प्रश्न विज्ञानाचा नव्हे, म्हणून तो मी बाईंच्या व्यवस्थापकमंडळाकडे सोपवितो.

मात्र पेल्यांवर जेवढे लिहिले जाते त्याच्या शतांशही त्या चकचकीत पाकिटांवर लिहिले जात नाही, जी मधल्या सुट्टीनंतर मैदानाच्या कुंपणाशी अडकून राहतात आणि ज्यांचे नाव २०२२ च्या यादीत नाही. प्लास्टिकची पारख करण्यास जळगावइतके योग्य गाव विरळा. येथील कारखान्यांतून निघणाऱ्या चटया पुष्कळदा पुनर्वापरातून आलेल्या दाण्यांच्याच असतात; म्हणजे टाकलेल्या प्लास्टिकला गिऱ्हाईक नाही अशी सबब येथे चालणार नाही. भंगारवाला पाण्याची बाटली घेतो, दुधाची पिशवी घेतो, मोडकी खुर्ची तर आनंदाने घेतो. वेफर्सच्या पाकिटाला तो हात लावीत नाही. त्याचा हा नकार शुद्ध रसायनशास्त्र आहे. पुष्कळ पाकिटांत पॉलिएस्टर, मीटरच्या काही दशकोट्यांश जाडीचा अॅल्युमिनियमचा लेप आणि पॉलिथिन असे थर एकजीव केलेले असतात. पॉलिथिन ११० अंशांच्या आसपास वितळते, पॉलिएस्टरला सुमारे २५० लागतात, आणि वितळून एकत्र केले तरी ही दोन द्रव्ये एकमेकांत मिसळत नाहीत. वाटलेल्या पुरणातून डाळ आणि गूळ पुन्हा निरनिराळे काढावेत, तसेच हे काम आहे.

एवढा खटाटोप पाकीट करते कशासाठी? आतील तेल प्राणवायूने खवट होऊ नये म्हणून. तेवढ्याचसाठी त्यात नायट्रोजन भरतात. पाकीट महिनोन्‌महिने टिकण्याची हमी विकते, आणि दूरच्या कारखान्यातून कित्येक दुकाने फिरत येणाऱ्या मालाला ती हमी खरोखरच हवी असते. परंतु शाळेच्या कॅन्टीनमध्ये साडेदहाला तळलेले केळीचे वेफर्स अकराच्या सुट्टीत संपतात, आणि कच्ची केळी तर रावेर-यावलहून रोजच उतरतात. त्या अर्ध्या तासासाठी अॅल्युमिनियमच्या लेपाचे प्रयोजन कोणते? बाईंनी ठेक्याच्या करारनाम्यात एक कलम घालून घ्यावे: खाऊ कॅन्टीनमध्येच तळावा, बंद डब्यात ठेवावा आणि वाटीने मोजून पानावर किंवा ताटलीत द्यावा. ठेकेदार कुरकुर करील, कारण पाकिटावर त्याला कमिशन मिळते. तेव्हा भाड्यात थोडी सूट देण्याची तयारी शाळेनेही ठेवावी.