विश्लेषण : जहाजाचा 'पंखा' संगणकावर कसा घडतो?

जागतिक व्यापारातील ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. जगाच्या हरितगृह वायू उत्सर्जनात जहाजवाहतुकीचा वाटा सुमारे तीन टक्के आहे. जहाजाच्या इंधनाचा हिशेब शेवटी येऊन थांबतो तो पाण्याखाली फिरणाऱ्या प्रॉपेलरपाशी. बोलीभाषेत त्याला पंखा म्हणतात. पण घरातल्या पंख्याची पाती आणि या पात्यांच्या आकारामागचे गणित यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे गणित आता संगणकाधारित आरेखनातून, म्हणजे 'कॅड' सॉफ्टवेअरमधून सोडवले जाते.

पात्याचा आकार इतका अवघड का?

स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जेवढा शिरतो, तसेच प्रॉपेलर एका फेऱ्यात पाण्यात किती पुढे सरकावा याचे एक माप असते. त्याला 'पिच' म्हणतात. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्याने प्रत्यक्षात प्रॉपेलर त्याहून कमीच सरकतो. शिवाय पात्याचे टोक वेगाने फिरते, तर मध्याजवळचा भाग सावकाश. त्यामुळे मुळापासून टोकापर्यंत पात्याचा कोन सतत बदलावा लागतो. त्यात जाडी, वक्रता, मागे झुकणे आणि कोयत्यासारखे बाजूला वळणे या गोष्टी येतात.

हे बाजूला वळणे दिसायला नक्षीदार वाटते, पण त्याला कारण आहे. जहाजाच्या सांगाड्यामागे पाणी सगळीकडे सारख्या वेगाने येत नाही. वरच्या बाजूला ते मंद असते. प्रत्येक फेऱ्यात पाते तिथे पोहोचले की त्यावर एकदम भार येतो. पाते वळलेले असेल तर त्याचा सगळा भाग एकाच क्षणी तिथे जात नाही आणि हादरे कमी होतात.

पाणी 'उकळते' म्हणजे काय?

डोंगरावर हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळते. वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या एका बाजूला दाब इतका घसरतो, की थंड पाण्यातही वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते पुढे जाऊन फुटतात तेव्हा धातूवर घाव बसतात, आवाज होतो, जहाज थरथरते. याला 'कॅव्हिटेशन' म्हणतात.

ब्रिटिश अभियंता चार्ल्स पार्सन्स याच्या 'टर्बिनिया' या वाफेच्या टर्बाइनवरील बोटीला १८९४ मध्ये हाच फटका बसला. टर्बाइनमध्ये ताकद भरपूर, पण बोट २० नॉटच्या आतच अडकली. पार्सन्सने १८९५ मध्ये छोटी बंदिस्त टाकी तयार करून हे बुडबुडे डोळ्यांनी पाहिले आणि अखेर तीन दांड्यांवर मिळून नऊ प्रॉपेलर बसवले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नौदल संचलनात ही बोट ३४ नॉटच्या आसपास वेगाने पळाली. त्याला जे वर्षानुवर्षे बोटीवर प्रयोग करून उमगले, त्यातला बराचसा भाग आज स्क्रीनवर उलगडतो.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

सुरुवात जुन्या अनुभवातूनच होते. नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथे १०० हून अधिक नमुना प्रॉपेलरांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांची समीकरणे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. इंजिनाची ताकद, फेरे आणि जहाजाचा वेग दिला, की या समीकरणांवरून व्यास आणि पिच यांचा पहिला अंदाज मिळतो.

मग पात्याचे वेगवेगळ्या अंतरांवर छेद घेतले जातात. छेद सपाट नसतात, ते दंडगोलावर गुंडाळलेले असतात. पूर्वी आरेखक हे कागदावर उलगडून काढत आणि त्यावरून लाकडी साचा बनत असे. आता सॉफ्टवेअर छेदांवरून सलग पृष्ठभाग तयार करते. एका छेदाची वक्रता बदलली तर सगळे पाते क्षणात नव्याने उभे राहते. त्याभोवती पाणी कसे वाहील, दाब कुठे घसरेल, पाते ताण सोसेल का, हे संगणकीय प्रवाहगणित आणि ताणाचे गणित सांगते. शेवटी तीच फाइल मिलिंग यंत्राला दिली जाते. ओतकाम सहसा निकेल-अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचे असते. 'एमा मर्स्क' या कंटेनर जहाजाच्या २००६ मधील सहा पात्यांच्या प्रॉपेलरचे वजन सुमारे १३० टन होते. एवढ्या ओतकामात चूक राहिली तर ती किती महागात पडेल, हे वेगळे सांगायला नको.

आंतरराष्ट्रीय मानकांत सर्वांत काटेकोर श्रेणीच्या प्रॉपेलरच्या सरासरी पिचमध्ये अर्ध्या टक्क्याचाच फरक चालतो.

यात गुपित कसले?

पाणबुडीला तिचा आवाज घातक ठरतो. म्हणूनच अनेक नौदले जलावतरणावेळी पाणबुडीचा प्रॉपेलर झाकून ठेवतात. शीतयुद्धात जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने नऊ अक्षांची मिलिंग यंत्रे आणि नॉर्वेच्या कोंग्सबर्गने त्यांची नियंत्रक प्रणाली निर्यातबंदी मोडून सोव्हिएत संघाला विकल्याचे १९८७ मध्ये उघड झाले. सोव्हिएत पाणबुड्या यामुळे शांत होतील, अशी अमेरिकेची तक्रार होती. अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांनी संसद भवनाबाहेर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला.

मग प्रत्यक्ष चाचणी संपली का?

नाही. छोट्या नमुन्याभोवतीचे पाणी आणि खऱ्या प्रॉपेलरभोवतीचे पाणी तंतोतंत सारखे वागत नाही आणि बुडबुड्यांचे गणित अजूनही हट्टी आहे. त्यामुळे महत्त्वाच्या रचना कॅव्हिटेशन टनेलमध्ये तपासल्या जातात. भारतात अशी सोय विशाखापट्टणम येथील 'डीआरडीओ'च्या नौदल प्रयोगशाळेत आहे.

संगणकाचा मोठा फायदा दिसतो तो जुन्या जहाजांत. २००८ नंतर इंधन वाचवण्यासाठी अनेक कंटेनर जहाजे हळू चालवली जाऊ लागली. त्यांचे प्रॉपेलर मात्र जुन्या वेगासाठी घडवलेले होते. काही कंपन्यांनी नव्या वेगासाठी आरेखन करून ते बदलून घेतले. रॉटरडॅममध्ये तर २०१७ मध्ये साचाच वगळला गेला : रोबोने वितळत्या तारेचे २९८ थर चढवून १.३५ मीटर व्यासाचा, सुमारे ४०० किलोचा प्रॉपेलर उभा केला. घासून-तासून तो एका टग बोटीला बसवला गेला आणि ब्यूरो व्हेरितास या वर्गीकरण संस्थेने त्याला मान्यता दिली.