फळीतले पावसाळे

आटगाव सोडून कसारा लोकल खर्डीकडे निघाली की रुळांच्या दोन्ही अंगांना साग दिसू लागतो. मे महिन्यात उघडाबोडका, आणि मृग बरसला की सुपाएवढ्या पानांनी भरलेला. कोवळे पान चुरगळले तर बोटे लाल होतात.

साग असा उन्हाळ्या-पावसाळ्याच्या तालावर जगतो, म्हणून त्याच्या लाकडात वर्षे मोजता येतात. पालवीच्या वेळी भरपूर पाणी वर चढवायचे असते, तेव्हा खोडात रुंद नळ्या तयार होतात. पुढे त्या बारीक होत जातात आणि पानगळीत वाढ थांबते. रुंद नळ्यांची नवी ओळ म्हणजे नवे वर्ष. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ साली ठाणे परिसरातल्या सागाची वलये आणि इथले हवामान यांचे नाते तपासले होते. आपल्याच रानातला साग पावसाची नोंदवही ठरतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

फर्निचर घेणाऱ्याने वाचावी अशी दुसरी नोंद रंगाची. खोडाचा बाहेरचा भाग फिकट असतो, आतला गाभा सोनेरी-तपकिरी. गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये साठतात, त्यांना वाळवी सहसा तोंड लावत नाही. कोवळ्या झाडात गाभा थोडा असतो. फळीवर फिकट पट्टाच जास्त असेल, तर झाड वयात येण्याआधी तोडले गेले असण्याची शक्यता मोठी. पॉलिश हे झाकते. म्हणून पलंगाची, कपाटाची मागची बाजू बघावी. वलये रुंद दिसली म्हणून मात्र लाकूड कमजोर ठरत नाही.

झाड कायदेशीर तोडले का, हे रंग सांगत नाही. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यालाही मालकीचा साग तोडायला १९६४ च्या राज्य कायद्याप्रमाणे परवानगी लागते. मग ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा, सोबत वाहतूक परवाना. पण वखारीत ओंडका चिरला की ठसा जातो, आणि फळ्या विनाओळखीच्या होतात. नेमके इथेच चोरीचे लाकूड सरळ लाकडात मिसळू शकते. परदेशी मालाचेही तसेच: म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरी ‘बर्मा टीक’ हे नाव बाजारात टिकून आहे.

प्रयोगशाळा आता लाकडाच्या डीएनएवरून, तसेच झाडाने प्यायलेल्या पाण्यातल्या जड-हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून मूळ प्रदेशाचा माग काढू शकतात. आपल्याकडे ती सोय दुकानात नसते. तिथे विचारायचे एवढेच: लाकूड कोणत्या वखारीचे, आणि परवान्याचा क्रमांक बिलावर लिहून द्याल का?