चिंगीची जर्मनीवारी

मुलगी जर्मनीत असते. मे महिन्यात आमची गावठी कुत्री चिंगी हिलाही तिच्याकडे न्यायचं ठरलं, तेव्हा हे लगेच तिकिटं बघायला बसले. मी म्हटलं, आधी चिंगीची सुई, मग आपली तिकिटं.

युरोपीय संघाच्या नियमात क्रमाला फार महत्त्व. आधी कातडीखाली 15 अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधी टोचलेली लस धरतच नाहीत. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढून संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. मिलिलिटरला निदान 0.5 एकक प्रतिपिंडं हवीत. अहवाल उत्तम आला तरी रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचंच. रेबीजची लागण झाली तरी लक्षणं दिसायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात, म्हणून ही सक्ती. तेव्हा मे महिन्याची तयारी दिवाळीच्या फराळाबरोबरच सुरू करावी!

सरकारी आरोग्य प्रमाणपत्र मात्र अगदी शेवटी. ते दिल्यापासून 10 दिवसांत युरोपात पोहोचावं लागतं.

विमानप्रवासासाठीच्या पिंजऱ्यात कुत्र्याला उभं राहता, वळता, पसरता यायला हवं. आम्ही तो आधीच हॉलमध्ये मांडला आणि चिंगीचं जेवण त्यातच वाढू लागलो. शेजारणीने गुंगीची गोळी सुचवली. पशुवैद्यांनी साफ नाही म्हटलं, उंचीवर श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर काही विमान कंपन्या घेतच नाहीत.

परतीसाठी भारताचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.