चार मिनिटांची गोष्ट

टिकटॉकवरच्या बंदीला २९ जून २०२५ रोजी पाच वर्षं झाली. त्याच पावसात आमच्या मलकापुरातल्या व्हिडिओ करणाऱ्या एका गुणी पोरानं कॅमेरा विकला आणि तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला लागला. लोक म्हणतात, चिकाटी नव्हती. ऐकून संताप येतो.

२०१६ च्या आधीचं सांगण्यासारखं फार नाही. नेट महाग, व्हिडिओ नुसता फिरत बसायचा. त्या सप्टेंबरात जिओ आलं आणि आंबा घाटाकडच्या वाड्यांतली पोरंही शूटिंग करू लागली. पावनखिंडीची वाट, भाताची रोपलावण, गॅदरिंगमधल्या नकला. चार मिनिटांत गोष्ट संपली तर संपली, कुणी विचारत नव्हतं.

जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबनं अट घातली : जाहिरातीचे पैसे हवेत तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं गेलं पाहिजे. त्यात मध्ये जाहिराती हव्या असतील तर व्हिडिओ दहा मिनिटांचा हवा. २०२० मध्ये दहाचे आठ केले, एवढीच काय ती कृपा. झालं, चार मिनिटांच्या विनोदात पाणी ओतणं सुरू झालं. तिकडे टिकटॉक सांगत होतं, पंधरा सेकंदांत उरका. ते गेलं आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, तेही पंधरा सेकंदांचेच. सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. काल पाणी ओतणारा आमचा हा पोरगा आज तीच गोष्ट कापायला बसला. रात्री दोनपर्यंत एडिट, पहाटे डोळे उघडायच्या आत व्ह्यूज. एक रील चाललं की तसंच दुसरं, तसंच दहावं. घरात सुतक होतं तेव्हाही त्यानं जुन्या साठ्यातला विनोद टाकला. "काका, आज नाही टाकलं तर चॅनल झोपतंय," म्हणाला. ही भीती त्याला घातली कोणी? तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायचं, तेही ठाऊक नाही.

शहरातल्या रसिकांशीही माझा जुना हिशेब आहे. बारामतीकडच्या मोढवे गावच्या सूरज चव्हाणला छपरी म्हणून हसलात. बंदीत त्याचा टिकटॉकवरचा प्रेक्षक एका रात्रीत गेला, तेव्हा बरं झालं म्हणालात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो बिग बॉस मराठी जिंकला आणि तुम्हाला त्याचा साधेपणा दिसला! त्याला मान मिळायला शेवटी टीव्हीच लागला, हे मात्र सोयीनं विसरलात.

त्याच ऑक्टोबरात शॉर्ट्सची मर्यादा साठ सेकंदांवरून तीन मिनिटांवर गेली. पोरं पुन्हा पाणी ओतू लागली आहेत.