कोटणीसांचा परमुलखातला संसार

सोलापूरच्या भय्या चौकात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे स्मारक आहे आणि चीनच्या हेबेई प्रांतात शिजियाझुआंग शहरात त्यांची समाधी. दोन्ही ठिकाणी माणूस एकच, पण नावे दोन. इथे ते कोटणीस, तिथे के दिहुआ. त्या चिनी नावाची फोड करून पाहण्यासारखी आहे. ‘के’ आणि ‘दि’ ही अक्षरे कोटणीस या आडनावाच्या चिनी उच्चारावरून आली, आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. 1938 साली भारतातून गेलेल्या वैद्यकीय पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हे ‘हुआ’ लागले. कोटणीस आणि त्यांच्या चिनी पत्नी गुओ चिंगलान यांना 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, तेव्हा त्याचे नाव यिनहुआ ठेवले गेले, म्हणजे भारत आणि चीन. बाप आणि मुलगा अशा दोन नावांमध्ये एका माणसाने परक्या देशात किती खोलवर पाय रोवले होते, ते कळते. आपण मात्र त्यांना ओळखतो ते 9 डिसेंबर 1942 या मृत्यूच्या तारखेने. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी परदेशात देह ठेवलेला सोलापूरचा सुपुत्र, एवढ्यावर आपली आठवण थांबते. या लेखात मला मांडायचे आहे ते असे, की कोटणीसांचे खरे मोठेपण परदेशात मरण्यात शोधू नये. ते परदेशात राहण्यात आहे. परमुलखात चार वर्षे कसे राहावे, तिथली माणसे, व्यवहार आणि राजकारण कसे समजून घ्यावे, याचा एवढा सुस्पष्ट वस्तुपाठ मराठी माणसाच्या इतिहासात दुसरा सापडणे कठीण आहे.

या आठवणीला मृत्यूकडे वळवण्यात एका चित्रपटाचा मोठा वाटा आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी 1946 साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. देशभर कोटणीस हे नाव पोहोचले ते त्यामुळे, याबद्दल कृतज्ञच राहायला हवे. पण पडद्याला नाट्य लागते, म्हणून तिथे प्लेगच्या साथीचा थरार आला आणि अमरत्व आले. प्रत्यक्षात कोटणीसांचा मृत्यू अपस्माराच्या झटक्यांनी झाला, आणि शेवटच्या दिवसांत ते करत होते ते काम पडद्यावर दाखवायला अगदीच नीरस होते. ते शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते, चिनी भाषेत.

घटनाक्रम थोडक्यात असा. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चिनी कम्युनिस्टांचे सेनापती झू द यांनी नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले, लोकवर्गणीतून सुमारे 22,000 रुपये जमले, आणि 1 सप्टेंबर 1938 रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, त्यांच्यासोबत नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले होते आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीत होते. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. परत जाण्याची मुभा असूनही ते थांबले. यथावकाश चोळकर, मुखर्जी आणि मग अटल मायदेशी परतले. बसू 1943 पर्यंत राहिले. कोटणीस परतलेच नाहीत.

परदेशातल्या निरीक्षणाची मराठीत एक जुनी आणि भक्कम परंपरा आहे. पंडिता रमाबाई 1886 साली अमेरिकेत गेल्या आणि 1889 साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रवासवृत्त असे नाव असले तरी त्याचा मोठा भाग तिथली राज्यव्यवस्था, घरे, शिक्षण, धर्म, उद्योग आणि स्त्रियांची स्थिती यांबद्दल आहे. रमाबाई प्रेक्षणीय स्थळांपाशी रेंगाळत नाहीत. लोक कसे जगतात, मत कसे देतात, पैसा कसा उभा करतात, हे त्या विचारतात. त्यांना हे दिसले, कारण त्या काम घेऊन गेल्या होत्या. इथल्या विधवांच्या शाळेसाठी त्यांना पैसे हवे होते, आणि मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरूही झाले. ज्याला परक्या गावात एखादे काम तडीस न्यायचे असते, त्याला त्या गावचा व्यवहार डोळसपणे पाहावाच लागतो. पाहुण्याला दिवाणखाना दाखवतात, कामाला आलेल्या माणसाला परसदार दिसते. रमाबाईंनी पाहिलेले शब्दांत उतरवले. कोटणीसांनी असे पुस्तक लिहिले नाही, म्हणून त्यांना निरीक्षकांच्या पंगतीत बसवण्याचे आपल्याला सुचत नाही. पण पाहिलेले आपल्या वागण्यात उतरवणे हीसुद्धा निरीक्षणाचीच नोंद असते, आणि ती अधिक विश्वासार्ह असते.

ही नोंद भाषेपासून सुरू होते. पथकाच्या प्रमुखांना परदेशी रणांगणाचा अनुभव होता. डॉ. अटल स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. ज्यांच्या पावलावर पाऊल टाकून कोटणीस पुढे चालले ते कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून हेही स्पेनमध्येच रक्तसंक्रमणाचे फिरते पथक चालवून चीनला पोहोचले होते. खेचराच्या पाठीवर लादता येईल असे शस्त्रक्रियेचे साहित्य बेथ्यून यांनी तयार करवून घेतले होते. पण त्यांचा संवाद दुभाष्यामार्फत चाले. यात त्यांचे मोठेपण कमी होत नाही. नोव्हेंबर 1939 मध्ये शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन ते गेले, आणि त्यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून जानेवारी 1941 मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. बेथ्यून वैद्यकीय विद्यालयात ते वर्ग घेत, आणि चिनी भाषेतून घेत. यातली कठीण बाजू नीट ध्यानात घ्यायला हवी. रुग्णाला ‘कुठे दुखते’ एवढे विचारण्यापुरती भाषा महिन्या-दोन महिन्यांत जमते. शस्त्रक्रिया शिकवण्याची भाषा तशी जमत नाही. समोर बसलेली मुले खेड्यांतून आलेली, इंग्रजीचा गंध नसलेली. रक्तवाहिनी, गळू, कुजलेली ऊती, टाका, निर्जंतुकीकरण, यांतला प्रत्येक शब्द नेमका हवा, कारण चुकीच्या शब्दाने उद्या कोणाचा पाय जाईल. चिनी लिपीत वर्णमाला नाही, एकेक चिन्ह लक्षात ठेवायचे. हे सगळे मुंबईत इंग्रजीतून शिकलेल्या तरुणाने जपानी सैन्याच्या हल्ल्यांमुळे वारंवार जागा बदलणाऱ्या रुग्णालयात केले. ते पाठ्यपुस्तक पुरे होण्याआधीच त्यांना मृत्यूने गाठले. तिथल्या सैनिकांनी त्यांना प्रेमाने दिलेल्या एका नावाचा उल्लेख चिनी लेखनात येतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘काळी आई’. त्यांच्या सावळ्या रंगावरून आणि शुश्रूषेवरून पडलेले हे नाव. आपण काळी आई म्हणतो ते जमिनीला. कापसाच्या काळ्या जमिनीच्या जिल्ह्यातून गेलेल्या माणसाला हजारो मैलांवर हे नाव मिळावे, हा निव्वळ योगायोग, पण सोलापूरकराच्या काळजाला भिडणारा.

व्यवहाराचेही तसेच. 1939 च्या फेब्रुवारीत पथक कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्याला, येनानला पोहोचले, तेव्हा डोंगराच्या पिवळ्या मातीत खोदलेल्या गुहांमध्ये दवाखाने, शाळा आणि कचेऱ्या चालत होत्या. पुढे नाकेबंदी आवळत गेली तसे सैनिकांनी आणि कार्यकर्त्यांनी सूतकताई आणि शेती हाती घेतली. कापडाचा तुटवडा म्हणजे काय, हे दवाखान्यात सगळ्यात आधी कळते, कारण पट्टीही कापडाचीच. सोलापूर हे 1877 पासून गिरणीच्या भोंग्यावर जागे होणारे शहर होते. कापूस, सूत, कापड आणि मजुरी यांची साखळी इथल्या पोराला शिकवावी लागत नसे. अशा शहरातून गेलेल्या माणसाला सुताचा आणि सैन्याचा संबंध परका वाटला नसणार.

सोलापूरने त्यांना आणखी एका गोष्टीची सवय लावली असावी, असे मला वाटते, ती म्हणजे वेगळ्या भाषेच्या शेजाऱ्याची. पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची घरे, तिथे माग आणि घरात तेलुगू. शेजारी कन्नड बोलणारे लिंगायत. बाजारात मराठी आणि दखनी उर्दू. परप्रांतातून येऊन इथे संसार थाटलेली माणसे या शहराची उपरी नाहीत, ती त्याचा कणा आहेत. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन ही त्यांची नावे. नुसती नावे वाचली तरी शहर कसे होते ते समजते. यावर कोणी म्हणेल की शहराच्या स्वभावावरून एका माणसाचा स्वभाव ठरवणे म्हणजे ओढूनताणून काढलेला निष्कर्ष आहे. सोलापुरातून हजारो माणसे बाहेर गेली, ती सगळी कोटणीस झाली नाहीत. हा आक्षेप मला मान्य आहे. शहर माणूस घडवते असा माझा दावा नाही. परक्या भाषेची भीती ज्या वयात बसते, त्या वयात ती बसू न देणारे वातावरण सोलापुरात होते, इतकेच मी म्हणतो. पुढचे कष्ट त्यांचे एकट्याचे.

अधिक गंभीर आक्षेप राजकारणाचा आहे. कोटणीस 1942 च्या जुलैमध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. एका पक्षाच्या फौजेत राहून, तिचेच अन्न खाऊन केलेले निरीक्षण तटस्थ कसे मानायचे? पुढे 1962 साली त्याच चीनशी आपले युद्ध झाले, आणि आज दोन्ही सरकारे गरज पडेल तेव्हा कोटणीसांचे नाव घेतात. यातला पहिला भाग तपासला तर दिसते की पथक थेट येनानला गेले नव्हते. सुरुवातीचे महिने वुहान, यिचांग आणि चोंगचिंग येथे, म्हणजे राष्ट्रवादी सरकारच्या मुलखात, गेले. दोन्ही व्यवस्था पाहिल्यावर निवड झाली. ती निवड पूर्ण माहितीवर झाली होती असे मात्र मी म्हणणार नाही. 1942 पासून येनानमध्ये पक्षांतर्गत शुद्धीकरणाची मोहीम सुरू झाली, तिच्या झळा अनेकांना बसल्या. कोटणीस तेव्हा दूर हेबेईच्या आघाडीवर जखमींमध्ये होते. त्यांच्या सभासदत्वाला पुढच्या राजवटीचे प्रशस्तिपत्र समजणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल, आणि 1962 च्या रागापायी त्यांना विसरणे हाही. ज्या खेड्यांत ते राहिले, तिथल्या शेतकऱ्यांवर बाहेरून आक्रमण झाले होते, आणि ते कोण करत होते हे ते रोज शस्त्रक्रियेच्या मेजावर पाहत होते. एवढ्यापुरते त्यांचे आकलन अचूक होते.

आता आजच्या वाचकाची शंका. नोकरीसाठी जर्मनीत, आखातात किंवा जपानमध्ये गेलेल्या मुलामुलींपुढे युद्धभूमीवरच्या डॉक्टरचा आदर्श ठेवणे रास्त आहे का? त्यागाचा आदर्श ठेवायचा असेल तर नाही. पगारासाठी परदेशी जाण्यात गैर काही नाही. पण भाषेला युद्ध लागत नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून उभे आहे आणि जगभर अशी मंडळे आहेत. थंडीत, एकटेपणात ती माणसाला आधार देतात, मुलांना मराठी ऐकू येते, गणपती बसतो. हे मोलाचे आहे. तरीही परदेशातला आपला सगळा वेळ आपल्याच माणसांत गेला, तर दहा वर्षांनी त्या देशाबद्दल आपण जे बोलतो ते शेजाऱ्याकडून ऐकलेले असते. इथे घरी फोनवर सांगितले जाते, ‘इकडचे लोक फार कोरडे.’ ज्यांची भाषा येत नाही, ते कोरडेच वाटणार. गुओ चिंगलान त्याच विद्यालयात परिचर्या शिकवत होत्या. 1941 च्या अखेरीस झालेला तो विवाह दुभाष्याशिवाय झाला. ऊब कुठून येते, याचे उत्तर त्यात आहे.

डॉ. बसूंचे उदाहरण याला पुष्टी देते. त्यांनी मिशनच्या दिवसांचा वृत्तान्त लिहून ठेवला, आणि पुढे पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले. देणारा म्हणून गेलेला डॉक्टर घेणारा होऊन परतला. यजमान देशापाशी आपल्याला शिकण्यासारखे काही आहे, हे मान्य केल्याशिवाय हे घडत नाही.

शिजियाझुआंगमध्ये 1992 साली दिहुआ यांच्या नावाने एक वैद्यकीय शाळा सुरू झाली. जिथे ते शिक्षक होते, त्या भूमीने त्यांना शिक्षक म्हणूनच जपले आहे. आपल्या हाती भय्या चौकातले ते स्मारक आहे. शाळेच्या सहली तिथे नेणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे, की मुलांना मृत्यूची तारीख सांगण्याआधी सांगा, या गावचा एक मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी चीनला गेला, तिथली भाषा शिकला आणि त्याच भाषेत तिथल्या मुलांना शस्त्रक्रिया शिकवू लागला.