नरसिंहपूरकरांनो, ल्योंला राहायला जाताय?

आपल्या नीरा-नरसिंहपूरला नीरा भीमेत मिळते आणि पुढे भीमा पंढरपूरकडे जाते. फ्रान्समधल्या ल्यों शहरातही तसंच आहे. सोन नदी रोनमध्ये मिसळते आणि रोन थेट भूमध्य समुद्र गाठते. नोकरीनिमित्त वर्ष-दोन वर्षांसाठी लहान मुलांना घेऊन तिकडे जाणाऱ्या आपल्या भागातल्या जोडप्यांनी पहिल्याच रविवारी हा संगम बघावा. तिथे २०१४ साली उघडलेलं मोठं संग्रहालयही आहे.

जुनं शहर १९९८पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इमारतींच्या पोटातून एका गल्लीतून दुसरीत नेणारे बोळ मुलांना घेऊन जरूर हिंडा.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ल्युमिएर बंधूंचं संग्रहालय. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार त्यांनी १८९५ साली इथेच टिपले, आणि ७ जुलै १८९६ला त्यांचे चित्रपट मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. आपल्या सिनेमाचा धागा या गावापर्यंत पोचतो!

एक कामाचं: फ्रान्समध्ये २०१९पासून वयाच्या तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं आहे आणि सरकारी शाळेत फी नाही. मुलांचे जन्मदाखले आणि लसीकरणाची कागदपत्रं निघतानाच सोबत घ्या.