झेरॉक्सच्या तंत्रज्ञांची ‘युरेका’
संस्थेतलं ज्ञान जपायला महागडं सॉफ्टवेअर पुरेसं असतं, हा समज झेरॉक्स कंपनीच्या अनुभवापुढे टिकत नाही. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी तिथल्या दुरुस्ती तंत्रज्ञांचा बारकाईने अभ्यास केला. त्यावरचं पुस्तक १९९६मध्ये आलं. मॅन्युअलमध्ये नसलेले बिघाड ही मंडळी एकमेकांना किस्से सांगत सोडवायची. १९९०च्या दशकात फ्रान्समधून सुरू झालेल्या ‘युरेका’ प्रणालीत अशाच युक्त्या साठवल्या जाऊ लागल्या.

कुणीही काहीही लिहील, ही शंका रास्तच. म्हणून प्रत्येक टीप आधी जाणकार सहकारी तपासत, मगच ती लिहिणाऱ्याच्या नावासह सगळ्यांपर्यंत जाई. मला हे नावच सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण तंत्रज्ञांना पैशांच्या बक्षिसापेक्षा सहकाऱ्यांतला मान मोलाचा वाटला. तुमच्या ऑफिसात अशा युक्त्या कुठे नोंदवतात?